शंकर नगर, रायपूर : काकांचे एक लाख रुपये

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कॅम्प, कॅडेट आणि परेड यांतून सवडच मिळाली नाही. सध्या पोस्टिंग रायपूरला, एनसीसीच्या एका बटालियनवर. राहायला शंकर नगरात दोन खोल्या भाड्याने घेतल्यात. शहरातली बरी वस्ती आहे. मंत्र्यांचे बंगले, रुंद रस्ते, आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला तेलीबांधा तलाव. त्या तलावाच्या काठाला इथले लोक बिनधास्त 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. द्रास आणि बाडमेर काढून आलेल्या माणसाला इथं तक्रार करायला जागाच नाही.

घरमालक काका मराठी आहेत. तीन पिढ्या छत्तीसगडात गेल्या. भोसल्यांच्या काळापासून इकडे मराठी माणूस आहेच, तात्यापाऱ्यात अजून जुनी घरं आहेत. काका भिलईच्या पोलाद कारखान्यातून रिटायर झाले. "मी हिंदीत विचार करतो आणि मराठीत भांडतो," असं ते स्वतःच सांगतात. गेल्या मार्गशीर्षात काकू गेल्या. मी इथं आलो तेव्हा त्या होत्या. त्याआधीच्या जानेवारीत छेरछेराच्या दिवशी त्यांनी तांदळाचं सूप भरून दाराशी ठेवलेलं मला आठवतं. पौष पौर्णिमेला छत्तीसगडात मुलं दारोदार धान्य मागत फिरतात, आणि कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, तो हा सण. शहरात आता कमी झालाय, पण काकूंच्या दारात आजूबाजूची दहा-बारा पोरं हमखास यायची.

यंदा वर्षश्राद्ध आलं तसं काकांनी मनाशी ठरवलं की काकूंच्या नावाने एक लाख रुपये द्यायचे. कुणाला ते ठरलं नव्हतं. आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी दोन तरुण गेटवर आले. गळ्यात आयकार्ड, हातात प्लास्टिकचं फोल्डर. "शहीद जवानांच्या कुटुंबांसाठी." काकांचे डोळे लगेच भरले. त्यांनी चेकबुक बाहेर आणलं आणि जिन्यातूनच मला हाक मारली, "सुभेदार साहेब, खाली या, तुमच्याच माणसांचं काम आहे."

मी खाली गेलो. फोल्डरवर एका जवानाचा फोटो होता. कॉम्बॅट ड्रेस, आणि त्यावर छातीवर मेडलांची रांग. ज्याने एक दिवसही वर्दी घातली आहे त्याला सांगायला नको की कॉम्बॅटवर कुणी मेडल लावत नाही. बेरेही उलट्या बाजूला कललेली. तो फोटो कुणा जवानाचा नव्हताच, कुठल्या तरी शूटिंगमधल्या नटाचा असावा.

मी रागावलो नाही. खरं सांगायचं तर राग आला होता, पण मुलं विशीतली होती, आमच्या सीनियर कॅडेटएवढी. चहा पाजला आणि विचारलं, संस्था कुठे नोंदलेली आहे? गेल्या वर्षी किती कुटुंबांना मदत झाली? त्यातल्या एका तरी गावाचं नाव सांगा. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. थोड्या वेळाने त्यातला एक मोकळा झाला. म्हणाला, आम्हाला पगार नाही, शंभर रुपये आणले की तीस आमचे. वरचे सत्तर कुठे जातात ते ऑफिसला माहीत. त्या मुलाने माझ्याशी खोटं बोललं नाही, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. पैसे गोळा करायला माणसं नेमणं हा गुन्हाही नाही, नावाजलेल्या संस्थाही एजन्सी नेमतात. पण काकांच्या एक लाखातले तीस हजार गेटवरच कापले गेले असते, आणि उरलेल्या सत्तराचं काय ते सांगणारं कुणी नव्हतं.

मुलं गेल्यावर काकांनी चेकबुक मिटलं आणि म्हणाले, "बरं, तुम्ही फौजी. आता तुम्ही सांगा, कुणाला देऊ?"

आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो, मगच मला पुढे बोलायचा हक्क आहे. पहलगामनंतरच्या त्या आठवड्यात तुमच्याही फोनवर एक मेसेज आला असेल. सरकारने सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी आणि जखमी-शहीद जवानांसाठी खातं उघडलंय, कॅबिनेटचा निर्णय झालाय, रोज फक्त एक रुपया द्या. देशातल्या सत्तर टक्के लोकांनी एकेक रुपया दिला तर दिवसाला शंभर कोटी. हा मेसेज २०१६ पासून फिरतोय, अधूनमधून उठतो. मी तो वाचला, छाती भरून आली, आणि तीन ग्रुपवर पुढे ढकलला. १३० कोटींचे सत्तर टक्के म्हणजे ९१ कोटी होतात, एवढा हिशेबही केला नाही. एप्रिलच्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने खुलासा केला की असा कोणताही निर्णय झालेला नाही आणि मेसेजमधला खात्याचा तपशीलही चुकीचा आहे, त्यामुळे लोकांचे ऑनलाइन पैसे परत जातायत. आमच्या गावाकडच्या माझ्या जुन्या गुरुजींनी ५,१०० रुपये दोनदा पाठवायचा प्रयत्न केला होता. पेन्शनीतले पैसे. दोन्ही वेळा परत आले. त्यांनी मला फोन केला, "अरे, तूच पाठवलं होतंस ना, म्हणून मी विचारलं नाही."

त्यांचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. वर्दी दिसली की लोक विचारायचं थांबतात. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, आणि वाटायलाही हवा. पण हाच विश्वास कुणीही भाड्याने वापरू शकतो. म्हणून सैनिकाच्या नावाने मागितलेल्या पैशाची चौकशी सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडक आपणच करायला हवी, असं माझं ठाम मत झालंय.

आता काही माजी सैनिक म्हणतील, दान देताना कसली आलीय चौकशी, उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये. मला हे पटत नाही. आपण कुठल्या व्यवस्थेत वाढलो ते आठवा. युनिटच्या फंडाचा दर तिमाहीला ऑडिट बोर्ड बसतो. मेसमधली साखर कमी भरली तरी मेस हवालदाराला उत्तर द्यावं लागतं. त्या बोर्डाला आपण अपमान मानला का? ज्याचं रजिस्टर चोख तो बोर्डाच्या दिवशी निवांत असतो, उलट चहा जरा जास्त गोड करतो. चांगल्या संस्थेचंही तसंच असतं. प्रश्न विचारले की तिथली माणसं कपाटातून फाइल काढतात. जिथं प्रश्नाने चेहरा पडतो तिथून मी चप्पल घालून निघतो.

पण प्रश्न कोणता विचारायचा, तिथं बहुतेक जण चुकतात. काकांचाही पहिला प्रश्न तोच होता. "शंभरातले किती गरिबापर्यंत जातात आणि किती ऑफिसवर?" ऐकायला अगदी बरोबर वाटतो. पण फौजी माणसाने जरा थांबावं. वरच्या पोस्टवर आठ जवान असतात. त्या आठांसाठी खाली किती माणसं लागतात ते आपण पाहिलंय. खेचरं, पोर्टर, ड्रायव्हर, कुक, सिग्नलवाले, नर्सिंग असिस्टंट, आणि ज्याला आपण सगळे शिव्या घालतो तो क्लार्क. क्लार्क कमी केला की पोस्टवरच्या जवानाच्या घरी पैसे वेळेवर जात नाहीत. मागचा खर्च शून्य दाखवणारी पोस्ट एक तर कागदावरची असते, नाहीतर तिथला जवान उपाशी असतो.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका संस्थेची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट, इराक-अफगाणिस्तानातून जखमी होऊन आलेल्यांसाठी २००३ मध्ये सुरू झालेली. लोकांनी भरभरून दिलं. जानेवारी २०१६ मध्ये सीबीएस वाहिनी आणि न्यूयॉर्क टाइम्स यांनी बातम्या दिल्या की पैसा आलिशान हॉटेलांतल्या परिषदांवर आणि प्रवासावर उधळला जातोय. कोलोरॅडोतल्या एका रिसॉर्टवरच्या परिषदेला तीस लाख डॉलर लागले, असंही सांगितलं गेलं. मार्चमध्ये संस्थेच्या मंडळाने दोन्ही वरिष्ठांना, स्टीव्हन नार्डिझी आणि अल जिऑर्डानो यांना, काढून टाकलं. देणग्या धडाधड घसरल्या. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. पण मंडळाने नेमलेल्या तपासणीत त्या परिषदेचा खर्च दहा लाख डॉलरच्या आत निघाला, आणि परिषदांवरचा बराचसा खर्च प्रत्यक्षात जखमी सैनिकांच्या कार्यक्रमांचा होता असंही म्हटलं गेलं. पुढे संस्था सावरली. मधल्या काळात आटलेला पैसा मात्र साहेबांच्या हॉटेलबिलातून गेला नाही, जखमी जवानांच्या वाट्याचा गेला.

उधळपट्टी नव्हतीच असं मी म्हणत नाही. काही कर्मचाऱ्यांनी स्वतः सांगितलं होतं, त्यांचं ऐकायलाच हवं होतं. पण टक्केवारी एवढ्या एकाच काठीने मोजलं की दोन्हीकडे फसगत होते. तिकडच्याच तीन संस्थांनी, ज्यांचं काम धर्मादाय संस्थांची माहिती देणं आणि त्यांची पारख करणं हेच आहे, जून २०१३ मध्ये देणगीदारांना एक जाहीर पत्र लिहिलं होतं की बाबांनो, फक्त ऑफिसखर्चाच्या टक्क्यावरून संस्था निवडू नका. आपल्याकडे २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. चोराला त्याने किती फरक पडला कुणास ठाऊक. ज्यांना अकाउंटंट ठेवायचा होता त्यांची पंचाईत झाली असणार, असा माझा अंदाज.

आणि हा विषय मला पुस्तकातून कळलेला नाही. मी देणारा व्हायच्या आधी घेणारा होतो. आमचं गाव उमरगा तालुक्यातलं, सास्तूरपासून दोन कोसांवर. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपास मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. आमच्या घराची मागची भिंत पडली, आजी त्याखाली सापडली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ट्रक येऊ लागले. ट्रकमधून कपडे. गठ्ठेच्या गठ्ठे. मला मिळाला तो लग्नातल्या नवरदेवाचा कोट, कोपराच्या खाली हात लोंबणारा. बहिणीला मिळालेली साडी पावसात रंग सोडत होती. कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले आणि नंतर कुजले. आईला हवं होतं ते एक पातेलं, एक कंदील आणि डोक्यावर पत्रा. ते मागायला कुणाला विचारावं हेच माहीत नव्हतं, कारण ट्रकवाले कपडे टाकून फोटो काढून निघून जात होते. त्यांचं मन वाईट नव्हतं. पुण्या-मुंबईहून रात्रभर गाडी हाकत आले होते. पण एकानेही विचारलं नाही, की बाई, तुला काय पाहिजे?

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट झाली. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं पुण्याला शिक्षणासाठी नेली. आमच्या बाजूच्या गावातला एक मुलगा त्यात गेला. ट्रक आठवडाभरात थांबले, कॅमेरे महिन्याभरात गेले. या मुलांचं शिक्षण वर्षानुवर्षं चाललं. कपड्याच्या ट्रकचा ऑफिसखर्च जवळपास शून्य होता. वसतिगृह चालवायचं तर वॉर्डन लागतो, मास्तर लागतो, स्वयंपाकी, लाइटबिल, सगळं आलं. टक्केवारीत ट्रक जिंकतो. मी त्या कोटात उभा होतो, म्हणून सांगतो, ट्रक हरला होता.

तर काकांच्या प्रश्नाकडे परत. त्यांना 'फौजींसाठी' द्यायचे होते. मी आधी त्यांना समजावलं की आज सीमेवर किंवा अतिरेक्यांशी लढताना जवान गेला तर केंद्राकडून परिस्थितीनुसार २५ ते ४५ लाखांचं सानुग्रह अनुदान आहे, कुटुंबाला शेवटच्या पगाराइतकं उदारीकृत निवृत्तिवेतन आहे, विमा आहे, राज्य सरकारं वेगळं देतात, आणि युद्धातील हताहतांच्या कल्याण निधीतून मिळणारी रक्कम २०१९ मध्ये दोनवरून आठ लाख झाली. निमलष्करी दलांसाठी २०१७ पासून 'भारत के वीर' आहे. बस्तर इथून जवळ, ताडमेटल्यात २०१० मध्ये एका दिवसात ७६ जवान गेले होते, त्यामुळे रायपुरात त्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. त्यात एक चांगली गोष्ट केली आहे. एका जवानाच्या कुटुंबासाठी १५ लाखांची मर्यादा आहे, रक्कम त्यापुढे जात असेल तर देणाऱ्याला तसं कळवतात, म्हणजे त्याला पैसे दुसरीकडे किंवा सामाईक निधीत वळवता येतात. टीव्हीवर जो दिसला त्यालाच सगळे देतात, ही अडचण कुणाच्या तरी ध्यानात आली होती.

माझा एक बॅचमेट सुट्टीवर असताना मोटरसायकल अपघातात गेला. त्याच्यासाठी ना बिगुल वाजलं, ना कुणी फ्लेक्स लावला. ग्रुप इन्शुरन्स आणि साधं कुटुंब निवृत्तिवेतन, बस. वहिनी आजही दोन मुलांचं शिक्षण करताना मेटाकुटीला येतात. आणि त्याहून मागे राहतात ते पेन्शन नसलेले म्हातारे माजी सैनिक, ज्यांनी पेन्शनला लागणारी पंधरा वर्षं पुरी केली नाहीत. ६५ च्या वर वय, उत्पन्न नाही, अशांना ध्वजदिन निधीतून दरमहा मदत मिळते. ती चार हजारांवरून आठ हजार करायचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला, १ नोव्हेंबरपासून लागू. मुलांच्या शिक्षणाची मदतही एक हजाराची दोन हजार झाली. ७ डिसेंबरला छातीवर जो कागदी झेंडा लावतो त्याचे पैसे इथं जातात. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो, पण किती माजी सैनिकांना हे विचारलं तर सांगता येईल? मला स्वतःला नोव्हेंबरपर्यंत धड सांगता आलं नसतं. काकांनी दहा हजार तिकडे दिले, जिल्हा सैनिक कार्यालयात जाऊन, पावती घेऊन.

उरले नव्वद. काका दोन दिवसांनी वर आले आणि जरा चाचरत म्हणाले, "तुम्ही रागावू नका, पण तिला फौजेचं तसं काही नव्हतं. तुम्ही घरात आहात म्हणून मला सुचलं. ती शाळेत शिकवायची, आणि मागायला येणाऱ्या महारोग्यांना ती दारातून कधी हाकलायची नाही." मला रागवायचं काय कारण? मला उलट बरं वाटलं. ज्याच्या नावाने द्यायचं त्याचा विचार आधी, हे कितीतरी बरोबर आहे.

मग आम्ही चार-पाच संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे बसलो. तुमच्या उपयोगाचं म्हणून सांगतो. ८०जीची सवलत मिळते की नाही ते आयकर विभागाच्या साइटवर संस्थेच्या नावाने बघता येतं. दोन हजारांच्या वर रोख दिलं तर सवलत नाही, आणि आता संस्थेने स्वतः आयकर विभागाला देणगीदारांची यादी कळवून १०बीई नावाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. नुसत्या छापील पावतीवर काम भागत नाही. जी संस्था हे प्रमाणपत्र द्यायला टाळाटाळ करते तिच्या पुस्तकात तुमचे पैसे आले की नाही, याचीच शंका. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर क्रमांक असतो. पण त्या क्रमांकाचा अर्थ सरकारने पाठ थोपटली असा होत नाही, नोंद झाली एवढाच होतो. ८०जीचंही तेच. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्ताकडे ट्रस्टची नोंद आणि दरवर्षीचे हिशेब असतात. गणपतीची वर्गणी काढायलाही मंडळाला कलम ४१ क खाली त्यांच्याकडे जावं लागतं. छत्तीसगडात असा वेगळा आयुक्त नाही. संस्था असेल तर फर्म्स आणि सोसायटीच्या रजिस्ट्रारकडे, सार्वजनिक ट्रस्ट असेल तर महसूल खात्याकडे. काका म्हणाले, म्हणजे तहसीलला जाऊन उभं राहायचं! हो काका, तसंच.

कागद पाहिल्यावर मी ताळेबंदात फक्त दोन गोष्टी शोधतो. पगार नावाने दिसतो की 'इतर खर्चा'त लपवलेला आहे. आणि बँकेत किती वर्षांचा खर्च साठून पडलाय. पगार उघड दाखवणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. आणि एक प्रश्न तोंडी विचारतो, तुमचं काय फसलं? ज्यांनी खरंच काम केलंय त्यांच्याकडे याचं उत्तर लगेच असतं, कधी कधी थांबतच नाहीत.

पुण्यात काकांची भाची आहे. तिने सांगितलं की पितृपक्षात तिथे वीणा गोखले यांनी २००५ पासून सुरू केलेलं 'देणे समाजाचे' नावाचं प्रदर्शन भरतं, छोट्या-छोट्या संस्थांची माणसं स्वतः स्टॉलवर बसतात, समोरासमोर विचारता येतं. श्राद्धाच्या पंधरवड्यात हे ठेवणं मला फार शहाणपणाचं वाटलं. 'लोकसत्ता'ही २०११ पासून गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा'मधून दरवर्षी दहा संस्थांची ओळख करून देतो आणि चेक त्या-त्या संस्थेच्या नावाने काढायला सांगतो. कुणीतरी आधी जाऊन बघून आलेलं असतं, हा त्यातला खरा फायदा. आम्हाला इथं रायपुरात बसून दुसऱ्या कुणाचे डोळे उसने मिळणार नव्हते. म्हणजे आपणच जायचं.

चांप्याजवळ सोंठीला भारतीय कुष्ठ निवारक संघ आहे. १९६२ मध्ये सदाशिवराव कात्रे यांनी काढलेला. रेल्वेत नोकरी करणारा मराठी माणूस, ज्याला स्वतःलाच कुष्ठरोग झाला होता. घेणारा आणि देणारा एकच, त्यामुळे काय हवंय हे विचारायला लांब जावं लागलं नसणार. त्यांच्यानंतर अमरावतीकडचे दामोदर गणेश बापट यांनी आयुष्य तिथं घातलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते गेले आणि देह बिलासपूरच्या मेडिकल कॉलेजला दिला. काकांना हे नाव ऐकून माहीत होतं, पण इतकी वर्षं भिलईत राहून ते कधी तिकडे गेले नव्हते. मी म्हटलं, पद्मश्री हे कारण पुरेसं नाही काका, इतर कुणाला विचारू तेच प्रश्न इथंही विचारायचे. ते म्हणाले, "तुम्ही म्हणजे अगदी तपासनीसच."

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळची गाडी पकडली. हावडा लाइनच, बिलासपूर ओलांडलं की चांपा. काकांनी काकूंची शाळेची जुनी डायरी सोबत घेतली होती, तिच्या कोऱ्या पानांवर प्रश्न लिहून आणले होते. माझ्या सांगण्यावरून पाच, आणि त्यांचा स्वतःचा एक: 'इथं जे बरे झाले ते कुठे राहतात?' माझ्या पाचांपेक्षा तो चांगला होता. दिवसभर फिरलो. काकांनी हिशेबाचे कागद पाहिले, पण त्याहून जास्त वेळ ते एका म्हाताऱ्या बाईपाशी ओट्यावर बसून होते. छत्तीसगडीत काय बोलले ते मला अर्धंच कळलं. डायरीत त्यांनी त्या बाईने सांगितलेलं काहीतरी उतरवून घेतलं, मला दाखवलं नाही, मीही विचारलं नाही.

परतीच्या गाडीत मला वाटलं आता चेक झाला. तर काकांनी सांगितलं की सध्या दहाच हजार देऊन आलोय. "भिलईत नवीन भट्टी एकदम फुल लोडवर कधीच घेत नसत. मार्चनंतर परत येईन, वर्षाचा हिशेब बघेन, त्या बाईला भेटेन. मग पुढचे." आणि बाकीचे ऐंशी? ते तोवर बँकेत, काकूंच्या नावाच्या वेगळ्या खात्यात. मला आधी हे जरा कंजूषपणाचं वाटलं. रायपूर स्टेशन येईपर्यंत वाटेनासं झालं.

गुरुजींनाही फोन केला. त्यांचे ५,१०० अजून तसेच होते. त्यांना ध्वजदिन निधीबद्दल सांगितलं, पण म्हटलं, गुरुजी, मी सांगतोय म्हणून देऊ नका, उमरग्याला माजी सैनिक कुणी असतील त्यांना विचारा की त्यांना कधी काही मिळालं का. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "विचारतो. पण त्या ग्रुपवर तू आधी चुकीचं टाकलं होतंस, ते तिथंच लिही आता." लिहिलं. तीनही ग्रुपवर.

३ जानेवारीला छेरछेरा आहे. काका काल पंडरीहून नवीन सूप घेऊन आले.